कापडी पंखांची सवत

आर्मांस बोदेला मत्सर शोभून दिसायचा. काही बायकांना लाल रंग शोभतो तसा. गाल तापायचे, हनुवटी वर यायची आणि हातातली सुई सरसर चालायची. सेंत-ओबेरमधल्या मुली लग्नाचा झगा तिच्याकडे शिवायला टाकण्याआधी चौकशी करायच्या, सध्या तिचं कोणाशी बिनसलंय का. बिनसलेलं असलं की टाका बारीक पडतो, असा गावात समज होता.

ती तिथलीच. आई नदीवर लोकांचे कपडे धुवायची. आर्मांस लहानपणीच शिवणाला बसली. युद्ध सुरू झालं तेव्हा पॅरिसबाहेरच्या एका कारखान्यात गेली आणि झग्यांऐवजी विमानांचे पंख शिवू लागली. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं लिनन, लिननवर लेप. त्या लेपाला नाशपातीच्या गोळ्यांसारखा गोड वास यायचा. तो केसांत बसायचा, पावाला लागायचा. तिथेच तिला लेओंस भेटला. लष्करातला मेकॅनिक. तयार पंख न्यायला यायचा. न्यायचा, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा नवे मागायला यायचा. आधीच्या पंखांचं काय झालं, असं तिने त्याला एकदा विचारलं. पुन्हा विचारलं नाही.

युद्ध संपलं. दोघं गावी आली. लेओंसने चौकातल्या गॅरेजमध्ये काम धरलं, आर्मांसने खिडकीशी शिवणाचं मशीन मांडलं. एक मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन तूर शहरात गेली. लेओंसला दारूचा नाद नव्हता, पत्त्यांचा नव्हता. अशा माणसाच्या बायकोने मत्सर करायचा तरी कोणाचा? पण आर्मांसने जमवलं. सायकलला हवा भरायला येणाऱ्या शाळेतल्या बाईंचा केला. लेओंसच्या सख्ख्या बहिणीचा केला, कारण तिच्या हातची बटाट्याची भाजलेली रोटी, गालेत, तो पुन्हा मागून घ्यायचा. हे सगळं किरकोळ होतं. खरा मत्सर तिला चाळिशी उलटल्यावर झाला, आणि तो एका विमानाचा.

गावात फ्लाइंग क्लब निघाला होता. नोटरी मस्यू दालिबो अध्यक्ष. क्लबने पैशासाठी नाचाचे कार्यक्रम केले, बक्षिसाला डुक्कर ठेवून सोडत काढली आणि एक वापरलेलं विमान विकत घेतलं. हौसेने फिरायला जाण्याचं, हलकं. पंख खाली, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर. ते मागे दुमडता यायचे, म्हणून शेतकरी सिल्व्हाँबाबाच्या गवताच्या कोठारात विमान मावायचं. वर काचेची खोली, आत शेजारी शेजारी दोन जागा. इतक्या चिकटून की एकाने खोकलं तर दुसऱ्याचा खांदा हलावा.

लेओंसने ते उलगडलं, पुसलं, इंजिन सुटं करून पुन्हा जोडलं. क्लबच्या खर्चाने परवाना काढला. रविवारी तो उडवायचा, बाकीचे दिवस संध्याकाळी त्याच्याशी काहीतरी करत बसायचा. तो त्याला धाकटी म्हणायचा.

“धाकटीला सर्दी झालीय,” तो सूप पिताना म्हणायचा. म्हणजे कार्ब्युरेटर चोंदला.

“मग पाठव तिला डॉक्टरकडे,” आर्मांस म्हणायची.

“मीच डॉक्टर.”

“हो. आणि मला खोकला झाला तेव्हा डॉक्टरला वेळ नव्हता.”

बाजारात खाटकाची बायको झेली तिला पाहिलं की सुरा बाजूला ठेवायची. “काय गं आर्मांस, सवत बरी आहे ना?”

“तुझ्या मटणापेक्षा ताजी आहे,” आर्मांस म्हणायची, आणि दुसरीकडून मटण घ्यायची.

ऑगस्टच्या मध्यावर, यंदा रविवारी आलेल्या देवमातेच्या सणाला, विमानाचं बारसं ठरलं. जहाजाचं करतात तसं. फादर पाणी शिंपडणार, शँपेनची बाटली फुटणार, साखरेतले बदाम वाटले जाणार. विमानाला एक धर्ममाता असणार. नाव तिने ठेवायचं, आणि बारसं झाल्यावरची पहिली भरारी तिची. वैमानिकाच्या शेजारची जागा तिची.

धर्ममाता म्हणून क्लबने मादाम तार्दिए यांना विचारलं. औषधवाल्याच्या विधवा. स्वतःची मोटार स्वतः चालवायच्या. हातमोजे घालायच्या आणि काढायच्या, यात त्यांचा निम्मा दिवस जायचा, असं आर्मांसचं मत. मादामनी विमानाला स्वतःचंच नाव दिलं. व्हिर्जिनी.

“लोक नातीला नाव देतात,” आर्मांस म्हणाली. “ही बाई यंत्राला देते.”

“छान नाव आहे,” लेओंस म्हणाला. त्याने ते जेवता जेवता म्हटलं, तोंडात घास असताना. आर्मांसने ते लक्षात ठेवलं.

सणाच्या आधीच्या सोमवारी ती त्याचा डबा घेऊन मैदानावर गेली. कोठारात बाकं आणि पिंपं भरली होती, म्हणून विमान बाहेर होतं, खुंट्यांना बांधलेलं. लेओंस त्याच्या नाकाशी बसून निळ्या रंगाने नाव लिहीत होता. बारीक कुंचला. जिभेचं टोक बाहेर. ‘व्हि’ला त्याने शेपूट काढलं होतं. आर्मांस मागे उभी राहून बघत होती. लग्नाच्या दिवशी नगरपालिकेत सही करताना त्याने तिचं नाव लिहिलं असेल तेवढंच. त्यानंतर कुठे लिहिलं होतं? तिला आठवेना.

मग मादाम तार्दिए आल्या. “मस्यू बोदे, जरा बसून बघू का? पट्टा कसा बांधायचा, दाखवता?”

दोघं आत बसली. झाकण बंद झालं. काचेतून दोघांची तोंडं हलताना दिसत होती, आवाज येत नव्हता. लेओंसने वाकून पट्टा ओढला. मादाम काहीतरी बोलल्या. तो हसला. डोकं मागे टाकून हसला. घरी तो असा हसलेला आर्मांसने पाहिला नव्हता असं नाही. पण तेव्हा आवाज ऐकू यायचा. मुकं हसणं जास्त लागतं.

तिने डबा पंखावर ठेवला आणि निघाली.

मैदान आणि सिल्व्हाँबाबाचं कुरण यांच्यात एक लाकडी फाटक होतं. कडी नव्हती, दोरीचा फास होता. पलीकडे पांढऱ्या गायी उभ्या होत्या, विमानाकडे तोंड करून. त्या लेपाच्या वासाने गायी वेड्या होतात, हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या वर्षी शेजारच्या गावात एक विमान उतरलं होतं. वैमानिक जेवून येईपर्यंत गायींनी विमानाची शेपटी चाटून साफ केली होती. त्यावर अख्खा हिवाळा हसण्यात गेला होता.

दिवस मावळला. लेओंस घरी आला. “दोऱ्याचं रीळ राहिलं झेलीकडे,” असं सांगून आर्मांस बाहेर पडली. ती झेलीकडे गेली नाही.

सकाळी सिल्व्हाँबाबाच्या ओरडण्याने सगळा रस्ता जागा झाला.

विमानाच्या शेपटीवर कापड उरलं नव्हतं. सांगाड्याच्या नुसत्या बरगड्या. उजव्या पंखाची मागची कड लोंबत होती, ओली, चघळलेली. एक गाय अजून उभी होती, तोंडाच्या कडेला लिननची चिंधी. तिला कोणी हाकलेना. लेओंस पंखापाशी गेला आणि त्याने ती ओली कड दोन्ही हातांत धरली. दार उघडल्यावर मरणाची बातमी कळावी, तसा त्याचा चेहरा झाला होता.

आर्मांसने गर्दीच्या मागून ते पाहिलं. रात्रभर तिला जे हवं होतं ते समोर होतं. आता ते नको होतं असंही नाही. नीट सांगता येण्यासारखं काही नव्हतं.

नोटरी दालिबो झोपेच्या कपड्यांवर कोट चढवून आले. “फाटक कोणी उघडं ठेवलं?”

सिल्व्हाँबाबा शपथा घेऊ लागला. देवाची, आईची, गायींची.

लेओंस फाटकापर्यंत गेला. दोरीकडे पाहिलं. परत आला.

“मी,” तो म्हणाला. “मीच विसरलो.”

नोटरींनी तिथल्या तिथे निकाल दिला. विमान रविवारपर्यंत दुरुस्त व्हायलाच हवं. पण मादाम तार्दिए यांना घेऊन भरारी मारतील ते स्वतः नोटरी. मस्यू बोदे क्लबच्या पुढच्या सभेपर्यंत विमान उडवणार नाहीत. “इंजिनाची काळजी वेगळी,” ते म्हणाले, “आणि माणसाच्या जिवाची वेगळी.” लेओंसने मान हलवली. मग म्हणाला, “शिवायला माझी बायको लागेल.”

पंख उतरवून कोठारात आणला. पुढची कड खाली, मागची वर, असा लाकडी घोडीवर उभा केला. नवं लिनन चढवलं. अशा पंखाची शिलाई एकट्याने होत नाही. एक माणूस या बाजूला, एक त्या बाजूला. हातभर लांब सुई. इकडून घुसवायची, तिकडच्याने ओढून घ्यायची, बरगडीच्या पलीकडून परत पाठवायची, मग गाठ. मध्ये कापडाची भिंत. समोरच्याचं तोंड दिसत नाही, फक्त सुईचं टोक दिसतं.

पहिल्या दिवशी नुसती शिलाई झाली. टोक यायचं, जायचं. दुसऱ्या दिवशी आर्मांसला राहवलं नाही.

“तू का सांगितलंस, तू विसरलास म्हणून?”

“सुई.”

तिने सुई पाठवली. “लेओंस.”

“दोरी गुंडाळून खुंटीला लावली होती,” पलीकडून आवाज आला. “सिल्व्हाँबाबा ती चिखलात फेकतो. मी गाठ मारून ठेवतो. गावात इतकं नीटनेटकं एकच माणूस आहे.”

सुई तिच्याकडे परत आली. मग तिने सुई जरा जोरात घुसवली.

“आई गं!”

“लागलं?”

“हो.”

“बरं झालं. ओरडलास तरी. परवापासून वाट बघतेय.”

“ओरडून काय होणार? गायींच्या पोटातलं बाहेर येणार आहे?”

“तुला तिच्या शेजारी बसायचं होतं.”

“कोणाच्या? मादामच्या का धाकटीच्या?”

“दोघींच्या.”

 मग सुईचं टोक आलं, हळू, तिच्या बोटाला लागू नये असं.

“मादाम म्हणाल्या, नोटरी घोरतात तसा आवाज इंजिन करतं का. म्हणून हसलो.”

“त्यांना काय ठाऊक नोटरी कसे घोरतात?”

“हे मलाही सुचलं. म्हणूनच तर हसलो.”

आर्मांसला हसू आलं. ते त्याला दिसणार नाही, याचं तिला बरं वाटलं.

“तू मला कधी विचारलंस, बसतेस का म्हणून?” ती म्हणाली.

“तू म्हणाली होतीस, मेल्या पंखांचं तोंड बघायचं नाही आता.”

“अरे, ते मी कारखान्यात असताना म्हणाले होते! युद्ध चालू होतं!”

“मग तुझं मत बदललं ते मला कोण सांगणार?”

“तुझे डोळे.”

“माझे डोळे इंजिनात असतात,” लेओंस म्हणाला. ते अगदी खरं होतं. त्यात माफी नव्हती, बढाईही नव्हती. आर्मांसला त्याचाच राग आला.

तिने गाठ मारली. मारता मारता तिच्या मनात आलं, या गाठीवर ती बाई बसणार. हातमोजे घालून. दोन हजार फूट वर. क्षणभर तिची बोटं थांबली. मग तिने ती गाठ सोडली आणि पुन्हा मारली, आधीपेक्षा घट्ट. ओढून पाहिली. राग आपल्या जागी होता, गाठ आपल्या जागी.

रविवारी सगळं गाव मैदानावर. बँड, छत्र्या, चुण्यांचे कपडे घातलेली पोरं. फादरनी पाणी शिंपडलं. अर्धं वाऱ्याने बँडवाल्यांवर गेलं. नोटरी नवी चामडी टोपी घालून उभे होते. ती त्यांना कपाळाशी घट्ट होत होती. त्यांनी भाषण केलं. “आमचे मस्यू बोदे यंत्र उत्तम ओळखतात,” ते म्हणाले, “गायी तेवढ्या अजून ओळखायच्या राहिल्यात.”

गाव हसलं. लेओंसही हसला. तो आर्मांसच्या शेजारी उभा होता, तिच्या कोपराला कोपर लागलेलं. गेल्या कित्येक रविवारांत तो असा तिच्या बाजूला उभा नव्हता. ती हळूच वळली. तो विमानाकडे बघत होता. डोळे नव्हे, हात बघत होते. उजव्या हाताची बोटं पुढेमागे होत होती, थोडी, जणू काहीतरी धरून हळू ओढतोय. सगळा माणूस इथे होता आणि काहीच इथे नव्हतं. कोपर तेवढं होतं.

हेच मागितलं होतं मी, आर्मांसला वाटलं. हे कोपर.

“फाटक मी उघडलं,” ती म्हणाली.

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. बँडवाल्याने तोंडाशी नेलेली तुतारी खाली घेतली.

“आर्मांस,” लेओंस पुटपुटला. “गप्प बस.”

“का गप्प बसू? मी उघडलं. तो विसरला नव्हता.”

नोटरी खाकरले. “मादाम बोदे, चूक कोणाच्याही हातून...”

“चूक नाही. मुद्दाम.”

“पण का?”

 तिने बोट केलं. विमानाच्या नाकावर, निळ्या अक्षरांकडे. शेपूट असलेल्या ‘व्हि’कडे.

सगळ्यात आधी कळलं मादाम तार्दिएंना. त्या लाल झाल्या, मग ओठ दाबून जमिनीकडे बघू लागल्या. मग झेलीला कळलं. “अगं बाई! विमानाचा मत्सर!” आणि मैदानभर हशा लोटला. बायका एकमेकींना धरून हसल्या. फादरनी तोंडावर रुमाल घेतला. आर्मांस हनुवटी वर करून उभी राहिली. आता महिनोन् महिने आपलंच नाव चालणार, हे तिला समजत होतं. हनुवटी तिने खाली येऊ दिली नाही.

हशा ओसरल्यावर मादाम तार्दिए पुढे आल्या. एक हातमोजा काढला. “मस्यू दालिबो, पहिली भरारी माझी आहे ना? मग वैमानिक मी सांगते. ज्याने पंख बसवलेत त्याला उडवू दे. तुम्ही रागावू नका. तुमची टोपी आत मावणार नाही.”

नोटरी रागावलेच. पण गावासमोर काय बोलणार?

लेओंसने आर्मांसकडे पाहिलं.   धावत गेला. धावत, शाळा सुटल्यासारखा. बाटली फुटली, झाकण बंद झालं, मादाम आणि तो खांद्याला खांदा लावून बसले, आणि विमान गवतावरून उड्या मारत सुटलं आणि वर गेलं.

आर्मांस खाली उभी राहून बघत होती. जळत होती. कबूल केलं म्हणून आत काही हलकं झालं नव्हतं. तिने स्वतःच्या हाताने त्यांना शेजारी शेजारी बसवलं होतं, एवढंच नवीन होतं.

“शिलाई टिकेल ना गं?” झेलीने मागून विचारलं.

“टिकेल.”

“फार वेळ लावतायत.”

“झेली, बदाम खा.”

उतरल्यावर गावकऱ्यांसाठी फेऱ्या सुरू झाल्या. तिकीट काढा, रांगेत उभे राहा, मैदानाला एक चक्कर. आर्मांसने तिकीट काढलं. पोस्टमन म्हणाला, “मादाम बोदे, तुम्ही पुढे व्हा, तुमचं घरचं आहे.” ती म्हणाली, “घरचं असतं तर रांगेत आले असते?” लोक हसले. ती तशीच उभी राहिली, उन्हात, पोस्टमनच्या मागे आणि शाळेतल्या बाईंच्या पुढे. माणसं वर जात होती, पांढरी होऊन खाली येत होती. प्रत्येक जण उतरताना लेओंसचा हात हातात घेत होता. तिला तेही मोजून ठेवावं असं वाटलं, पण सोडून दिलं.

तिचा नंबर आला तेव्हा लेओंसने झाकण वर केलं. घामाने भिजला होता. चेहऱ्यावर धूळ, आणि धुळीतून तो सोमवारचा, काचेआडचा, मुका असलेला हसरा चेहरा. तिला पाहिल्यावरही ते हसू गेलं नाही. तसंच राहिलं.

“तिकीट?” तो म्हणाला.

तिने दिलं. त्याने ते उलटसुलट करून नीट पाहिलं, मग खिशात ठेवलं.

“पाय इथे. पंखाच्या या काळ्या पट्टीवर. बाकी कापड आहे.”

“मला सांगतोस? मी शिवलंय.”

ती पट्टीवर चढली. वाकून आत पाहिलं. दोन जागा, चिकटून. ती बसली नाही.

“मादाम कुठे बसल्या होत्या?”

“जागा एकच आहे, आर्मांस. हीच.”

“मग पुस आधी.”

रांग ओरडत होती. नोटरी हात हलवत होते. लेओंसने खिशातून तेलकट फडकं काढलं, जागा पुसली, पाठ पुसली, पट्ट्याचं बक्कलही पुसलं. मग तिच्याकडे बघितलं, झालं का, अशा नजरेने. तिने बोट फिरवून पाहिलं आणि बसली.